मोठेपणाआधींचें नांव

कोपरखैरण्यांतील माथाडी वसाहतींतून सकाळच्या प्रहरीं वाशीच्या घाऊक बाजाराकडे निघालेलीं माणसें पाहिलीं, म्हणजे मला एका कवीची आठवण होते. तो या गांवचा नव्हे. खाडीपलीकडील मुंबईच्या गिरणगांवांतला. परंतु ज्या कष्टकऱ्यांना त्यानें काव्यांत आणलें, त्यांचेच हे भाऊबंद. त्याचें नांव नारायण गंगाराम सुर्वे. कीर्ति आली असतां लेखकानें काय सांभाळावें, या प्रश्नाचें उत्तर मला त्यांच्या चरित्रांत सांपडतें.

सन १९२६ च्या सुमारास गंगाराम सुर्वे नांवाच्या गिरणीकामगारास सोडून दिलेलें एक तान्हें मूल आढळलें. त्यानें व त्याची पत्नी काशीबाई हिनें तें पोटच्या पोराप्रमाणें वाढविलें आणि त्यास आपलें नांव दिलें. पुढें पोरवयांतच नारायणावर स्वतःचें पोट भरण्याची वेळ आली. घरगडी, हॉटेलांतला पोऱ्या, गिरणीकामगार, अशीं कामें करीत ते महापालिकेच्या शाळेंत शिपाई झाले. शिपाई असतांनाच अभ्यास करून ते परीक्षा उत्तीर्ण झाले व प्राथमिक शिक्षक बनले. १९६२ सालीं ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आणि १९६६ सालीं ‘माझे विद्यापीठ’ हे संग्रह निघाले, व मराठी कवितेंत कामगार स्वतःच्या आवाजांत बोलूं लागला.

सुर्वे बदलले नाहींत, असें म्हणणें मात्र अपुरें होईल. शिपायाचा शिक्षक होणें हा कांहीं लहान बदल नव्हे. मी स्वतः जन्मभर शाळामास्तर होतों, म्हणून त्याची किंमत जाणतों. पण तो बदल त्यांनीं कष्टानें घडविला होता, कीर्तीनें नव्हे. कीर्ति आली ती नंतर. १९९५ सालीं परभणीच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद आणि १९९८ सालीं पद्मश्री त्यांस लाभली.

येथें काळाचा एक खेळ ध्यानांत घ्यावा. हे सन्मान आले तोंवर त्यांचें गिरणगांवच विस्कटत चाललें होतें. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लक्ष कामगार उतरले, आणि त्यांतील असंख्यांस पुन्हां गिरणीचें दार उघडलें नाहीं. ज्यांच्या जिवावर कविता उभी राहिली ते देशोधडीला लागले, आणि कवि व्यासपीठावर बसला! अशा वेळीं न बदलणें म्हणजे केवळ साधें राहणें नव्हे. आपण कोणाच्या बाजूचे, हें न विसरणें, हाच त्याचा खरा अर्थ.

सुर्वे तें विसरले नाहींत, याची साक्ष दोन नांवें देतात. त्यांच्यावर अरुण खोपकर यांनीं काढलेल्या माहितीपटाचें नांव ‘नारायण गंगाराम सुर्वे’ असें आहे. त्यांत कोणतीहि पदवी नाहीं, आहे तें आश्रय देणाऱ्या बापाचें नांव. आणि त्यांच्या पत्नी कृष्णाबाई यांनीं आपल्या आत्मकथनास नांव दिलें ‘मास्तरांची सावली’. पद्मश्री मिळालेला कवि त्यांच्या लेखीं मास्तरच राहिला.

१६ ऑगस्ट २०१० रोजीं सुर्वे निवर्तले. श्रोते हो, कीर्ति लोक देतात व लोकच काढून घेतात. त्याआधीं ज्या नांवानें आपल्या माणसांनीं आपणांस हांक मारली, त्या नांवाला आपण ओ देतों कीं नाहीं, एवढेंच लेखकानें अधूनमधून तपासून पाहावें.