ॲन्झॅक दिनाची गाणी आणि गाण्यात नसलेला सैनिक

युद्धात मेलेल्यांची आठवण कशी काढायची हे कोण ठरवते? सरकार, लष्कर की जनता? ऑस्ट्रेलियाच्या ॲन्झॅक दिनाचा इतिहास पाहिला, तर हे ठरवण्यात गाण्यांचाही मोठा वाटा असल्याचे दिसते. आंबेडकरी चळवळ गाण्यांवर वाढलेली आहे, म्हणून हा इतिहास आपण समजून घेतला पाहिजे.

२५ एप्रिल १९१५ रोजी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैनिक ब्रिटिश साम्राज्यासाठी तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले. आठ महिन्यांनी माघार घ्यावी लागली. तोवर आठ हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन मेले होते. १९१६ पासून हा दिवस पाळला जातो. पहाटेची सभा, बिगूल, मौन, मग संचलन. एका फसलेल्या मोहिमेला राष्ट्राच्या जन्माची कथा बनवले गेले.

या कथेला १९७१ मध्ये एरिक बोगल या गायकाने धक्का दिला. तो स्कॉटलंडहून येऊन दोनच वर्षे झाली होती. 'अँड द बँड प्लेड वॉल्ट्झिंग माटिल्डा' या त्याच्या गाण्यात गॅलिपोलीत दोन्ही पाय गमावलेला सैनिक बोलतो. म्हातारपणी संचलन पाहताना हे सगळे कशासाठी, असा प्रश्न त्याला पडतो. तेव्हा व्हिएतनाम युद्ध चालू होते. गाणे गॅलिपोलीचे होते, पण प्रश्न व्हिएतनामला लागू होता.

१९८३ मध्ये रेडगम या गटाचे, जॉन शुमनने लिहिलेले 'आय वॉज ओन्ली नाइन्टीन' आले आणि लोकप्रियतेत पहिल्या क्रमांकावर गेले. व्हिएतनामला सुमारे ६० हजार ऑस्ट्रेलियन गेले होते. त्यांतल्या अनेकांची भरती जन्मतारखांची सोडत काढून सक्तीने झाली होती. परतल्यावर त्यांच्या वाट्याला उपेक्षा आली. युद्ध संपल्यावरही न संपणारी भीती आणि विषारी फवारणीनंतरचे आजार या गाण्याने घराघरांत पोचवले. १९८७ मध्ये सिडनीत या सैनिकांचे जाहीर स्वागत झाले. हे एकट्या गाण्याने घडले असे आम्ही म्हणत नाही, माजी सैनिकही झगडत होते. पण त्यांचे दुःख बोलायला गाण्याने भाषा दिली.

इथपर्यंत कौतुक ठीक आहे. पण या दोन्ही गाण्यांत एक सैनिक दिसत नाही. तो म्हणजे या भूमीचा मूळ रहिवासी, ॲबोरिजिनल सैनिक.

तेव्हाचा कायदा आणि भरतीचे नियम युरोपीय वंशाच्या नसलेल्यांना सैन्याबाहेर ठेवत होते. तरीही पहिल्या महायुद्धात सुमारे एक हजार मूळ रहिवासी भरती झाले. कुणी वंश लपवला, कुठे अधिकाऱ्याने डोळेझाक केली. १९१७ मध्ये माणसे कमी पडू लागली, तेव्हा आई-वडिलांपैकी एक जण युरोपीय असेल तर घ्या, असा आदेश निघाला. युद्धानंतर परतलेल्या सैनिकांना शेतजमीन देण्याची योजना आली. त्यात मूळ रहिवाशांपैकी अगदी मोजक्यांना जमीन मिळाली. व्हिक्टोरियातील कोरँडर्क ही त्यांची वसाहत १९२४ मध्ये बंद केली गेली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली जमीन गोऱ्या माजी सैनिकांना दिली गेली. ज्यांची जमीन होती, त्यांनीच रक्त सांडले आणि त्यांनाच वगळले.

बोगलने ज्याचा आधार घेतला, ते 'वॉल्ट्झिंग माटिल्डा' बॅन्जो पॅटर्सनने १८९५ मध्ये लिहिले. त्यात मेंढ्यांचा मालक आहे, पोलीस आहेत, गरीब भटका आहे. मालकाने ती जमीन कुणाकडून घेतली, हा प्रश्न त्यातही नाही. गरिबाची बाजू घेणारे गाणेसुद्धा वंचिताला विसरू शकते, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

आम्हाला हे ओळखीचे वाटते, कारण साम्राज्य तेच आणि साल तेच. महारांची लष्करभरती इंग्रजांनी १८९२ च्या सुमारास बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांपासून अनेकांनी त्याविरुद्ध अर्ज केले. १९१७ मध्ये गरज पडताच १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांतच मोडली गेली. गरज असेल तर सैनिक, गरज सरली की अस्पृश्य. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावच्या विजयस्तंभाला अभिवादन करायला गेले, ते या विस्मरणाला दिलेले उत्तर होते.

तसेच उत्तर ऑस्ट्रेलियातही उभे राहिले. २००७ मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात मूळ रहिवाशांनी ॲन्झॅक दिनी आपल्या सैनिकांसाठी वेगळे संचलन सुरू केले. त्यांनी कुणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. कोणत्याही स्मरणदिनी गाणे ऐकताना त्यात कोण आहे हे पाहा आणि कोण नाही हेही विचारा. हा प्रश्न आपल्या गाण्यांनाही लावा. आपल्या शाहिरीत मोर्च्यात लाठ्या खाल्लेल्या किती बायांची नावे आहेत? नसतील, तर ती लिहिण्याचे काम आपलेच आहे.

जय भीम!