अल्फा अभ्यासवर्ग

ख्रिस्ती श्रद्धेच्या मूलतत्त्वांची जिज्ञासूंना ओळख करून देणारा, चर्चच्या आश्रयाने चालणारा अनौपचारिक प्रास्ताविक वर्ग.

लंडनमधील होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन या अँग्लिकन चर्चमध्ये (पहा : अँग्लिकन पंथ) १९७७ मध्ये चार्ल्स मार्नम या धर्मोपदेशकाने नव्या सभासदांसाठी तो सुरू केला. जॉन आयर्विन याने तो दहा आठवड्यांचा केला आणि त्यास पवित्र आत्म्यावरील निवासी सत्राची जोड दिली. पूर्वाश्रमीचा बॅरिस्टर निकी गंबेल याच्याकडे १९९० मध्ये सूत्रे आल्यावर चर्चशी संबंध नसलेल्यांना समोर ठेवून वर्गाची फेरमांडणी झाली. आजचे स्वरूप मुख्यतः त्याचेच. १९९३ पासून इतर चर्चमधील संयोजकांसाठी परिषदा भरू लागल्या व वर्ग इंग्लंडबाहेर पसरला.

प्रत्येक बैठकीत सहभोजन, व्याख्यान किंवा चित्रफीत आणि लहान गटातील चर्चा असा क्रम असतो. शुल्क नसते, परीक्षाही नसते. येशूची ओळख, त्याचा क्रूसावरील मृत्यू, प्रार्थना, बायबलवाचन, रोगनिवारण व चर्च हे प्रमुख विषय. गटप्रमुखाने उत्तरे देण्याऐवजी सहभागींना बोलते करावे, अशी अपेक्षा असते. पारंपरिक धर्मप्रश्नोत्तरीहून (पहा : कॅटेकिझम) हा वर्ग येथेच वेगळा पडतो.

अँग्लिकनांखेरीज रोमन कॅथलिक, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट व पेन्टेकोस्टल चर्चही तो चालवितात. पवित्र आत्म्याच्या वरदानांवरील भर (पहा : कॅरिस्मॅटिक चळवळ) आणि संस्कारांना (पहा : बाप्तिस्मा) मिळणारे अल्प स्थान यांवर काही धर्मशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले आहेत.