आंबील आणि लाल ज्वारी

1972 च्या दुष्काळाच्या आठवणी बहुधा खडी फोडण्याच्या कामांभोवती फिरतात. न्याहारीच्या वाटीपर्यंत त्या क्वचितच पोहोचतात. बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात, उमापूरच्या परिसरात, ज्वारी हेच मुख्य अन्न. तिचे पीठ रात्री ताकात भिजवायचे आणि सकाळी शिजवून लसूण-जिऱ्याची चव द्यायची, की आंबील तयार.

सलग अवर्षणाने ज्वारी बुडाली, चाऱ्यावाचून जनावरे खंगली. म्हणजे पीठ आणि ताक दोन्ही एकदमच गेले. मग स्वस्त धान्याच्या दुकानांत अमेरिकेतून आयात केलेली लाल ज्वारी आली, 'मिलो'. तिकडे ती मुख्यतः पशुखाद्य. पांढऱ्या ज्वारीवर वाढलेल्या जिभेला ती रुचेना. पण नाकारण्याची सोय कोणाला होती? मिलोने अनेकांना जगवले, हे मान्य करावेच लागते. ती आपली मात्र कधी वाटली नाही.

पाऊस परतला, पांढरी ज्वारीही परतली. पुढे जायकवाडीच्या उजव्या कालव्याचे पाणी गेवराईत आले आणि कापूस, ऊस यांनी ज्वारीची राने व्यापली. एकेकाळी कणगीत साठवली जाणारी ज्वारी आता अनेक शेतकरी घरांतही किलोच्या भावाने विकत आणली जाते.