प्रॉक्सीपलीकडची फाइल

कॉलेजात ज्यांनी मित्राच्या हजेरीला 'येस सर' म्हणून प्रॉक्सी मारली आहे, त्यांना या पुस्तकाचा निम्मा विषय आधीच ठाऊक आहे. उरलेला निम्मा जरा अवघड. इथला प्रॉक्सी तुमच्यासाठी बोलतो, पण स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या पत्त्यावरून. आणि ज्या भाषेत त्याने बोलायचे, ती फाइल नेण्या-आणण्याची जुनी भाषा, एफटीपी, एका तोंडाने बोललीच जात नाही.

यात दोष कुणाचा नाही, काळाचा आहे. एफटीपीचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून शिकून ते तेव्हा एमआयटीत होते. वेब यायला अजून वीस वर्षे होती आणि नेटवर्कवरच्या कुठल्याही यंत्राने दुसऱ्याला थेट हाक मारायला आडकाठी नव्हती. पुढे १९८५ च्या प्रमाण दस्तऐवजात मांडणी अशी आहे: आज्ञांसाठी एक जोडणी, २१ क्रमांकाच्या पोर्टवर, आणि माल नेण्यासाठी दर वेळी वेगळी. मूळ पद्धतीत ही दुसरी जोडणी सर्व्हरच उलटा तुमच्याकडे येऊन उघडतो. फायरवॉलमागे बसलेल्या माणसाकडे तो येणार कसा?

म्हणून पॅसिव्ह पद्धत. तुम्ही विचारता, 'मी कुठे येऊ?' सर्व्हर २२७ हा सांकेतिक आकडा देऊन पुढे सहा संख्या सांगतो. पहिल्या चार म्हणजे पत्ता, शेवटच्या दोन म्हणजे पोर्ट. समजा त्या १९५ आणि ८० आहेत. १९५ गुणिले २५६ म्हणजे ४९,९२०. त्यात ८० मिळवले की ५०,०००. त्या दारावर जायचे. हा गुणाकार प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी कागदावर करावा, असा माझा हट्ट आहे. तयार कोडची लायब्ररी तो गुपचूप करून टाकते आणि मग बिघाड झाला की नेमके काय बिघडले ते कळत नाही.

आता मध्ये वेब प्रॉक्सी आणू. तो दोन अगदी वेगळी कामे करतो आणि बहुतेक गोंधळ ती एकच समजल्याने होतो. पहिले काम दुभाष्याचे. तुम्ही एफटीपीचा पत्ता साध्या वेब-मागणीत घालून देता, सर्व्हरशी सगळा संवाद प्रॉक्सीच करतो आणि फाइल तुमच्या हाती ठेवतो. डाउनलोडला हे उत्तम. पण फोल्डरची यादी मागितली, तर तो तिचे वेबपान करून देतो. डॉटनेट फ्रेमवर्कच्या 'एफटीपी वेब रिक्वेस्ट'ला असा प्रॉक्सी दिला की डाउनलोड, यादी आणि तपशीलवार यादी एवढेच चालते. अपलोड करू गेलात तर सरळ नकार येतो. यावर आपल्याच कोडमध्ये चूक शोधत दिवस घालवणारे मी पाहिले आहेत.

दुसरे काम बोगद्याचे. 'कनेक्ट' म्हणून आज्ञा दिली की प्रॉक्सी मध्ये काही न बोलता बाइट इकडून तिकडे ढकलतो. अपाची कॉमन्स नेटमध्ये यासाठी वेगळा क्लास आहे. कर्लला मात्र बोगदा हवा असे स्पष्ट सांगावे लागते, नाहीतर तो दुभाष्याचाच रस्ता धरतो. अडचण अशी की स्क्विडसारख्या प्रॉक्सीची मूळ मांडणी बोगद्याला फक्त ४४३ पोर्ट देते. रदबदली करून २१ उघडून घेतलेत, तरी ५०,००० बंदच. मग लॉगिन होते, २३० हा होकाराचा आकडा येतो, आपण चहाला उठतो. परत येऊन बघावे तर यादीपाशी सगळे अडकलेले. यावर इलाज कोडमध्ये नाही. सर्व्हरवाल्याने पॅसिव्ह पोर्टांचा पट्टा लहान करायचा आणि प्रॉक्सीवाल्याने तेवढाच उघडायचा. ही दोन माणसे एकमेकांशी बोलतील अशी व्यवस्था करणे हाही या विद्येचा भाग समजा.

दुभाष्याच्या रस्त्यावरही एक फसगत आहे. एकदा आमच्या रात्रीच्या प्रोग्रॅमने दरपत्रक म्हणून एक फाइल आणली. आकार दोन-तीन किलोबाइट, तक्रार काही नाही. सकाळी उघडली तर पहिल्याच ओळीत एचटीएमएलचा टॅग आणि खाली प्रॉक्सीचा सभ्य इंग्रजीतला नकार! तेव्हापासून आलेली फाइल मी आधी उघडून पाहतो, मग पुढे पाठवतो.

राहिला प्रश्न सुरक्षेचा. साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो. दुभाष्या प्रॉक्सी तर तो स्वतःच वाचतो. क्रोम आणि फायरफॉक्स या दोघांनीही २०२१ मध्ये एफटीपीला निरोप दिला. नवीन काम हाती घेत असाल तर एसएफटीपी घ्या. नाव सारखे असले तरी कुळी वेगळी, एसएसएचची. तिथे २२ क्रमांकाची एकच जोडणी लागते, म्हणजे एकच बोगदा पुरतो. पण समोरच्याचा सर्व्हर जुना असेल, तर निवड तुमच्या हातात नसते, आणि हे पुस्तक त्याच माणसासाठी आहे.

वाचायला बसण्याआधी ऑफिसातल्या नेटवर्कवाल्याकडून प्रॉक्सीचा पत्ता, पोर्ट आणि 'कनेक्ट'ला परवानगी असलेल्या पोर्टांची यादी लिहून आणा. पहिले प्रकरण त्या चिठ्ठीपासून सुरू होते.