माडीची जमीन आणि जवसाचे तेल

गेल्या उन्हाळ्यात राळेगावच्या आमच्या घराची वाटणी झाली. माडीचा अर्धा भाग धाकट्या भावाच्या वाट्याला आला आणि तो उतरवून तिथे स्लॅब टाकायचे त्याने ठरवले. फळ्या काढायच्या म्हणून आजीचा पेटारा कित्येक वर्षांनी प्रथमच जागचा हलला. त्याखाली एक लांबट चौकोन उघडा पडला. भोवतालची जमीन करडी पडलेली, पॉलिशचे पापुद्रे सुटलेली, सांध्यांशी कुजलेली. चौकोनातल्या फळ्या मात्र काकवीच्या रंगाच्या, हाताला गुळगुळीत आणि ठणठणीत. झाड तेच, सुतार तोच, वयही तेच. फरक एवढाच की पेटाऱ्याखाली माझा हात कधी पोचला नव्हता.

बाकीच्या जमिनीवर तो पोचला होता. पंधराएक वर्षांपूर्वी माडी 'नवी' करण्याच्या हौसेने मी तिच्यावर चकचकीत पॉलिशचे दोन हात मारून घेतले आणि त्यानंतर रोज फिनाइलच्या पाण्याने ओला पोछा सुरू केला. पुढे पापुद्रे निघू लागले तेव्हा दाखवायला म्हणून एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी नखाने फळी खरवडली आणि म्हणाले, "लाकडाले पानी कायले पाजता भाऊ? थे आता झाड हाये का?" मी हसलो होतो. पेटाऱ्याखालचा चौकोन पाहिल्यावर ते वाक्य पुन्हा आठवले. आजी या जमिनीला काय लावत होती, ते कुठून येत होते आणि ते यायचे का थांबले, हे शोधण्यात पुढचे वर्ष गेले. त्याचा हा वृत्तान्त.

जुन्या घरांविषयी लिहिताना आपण दरवाजे, खांब, तुळयांचे नक्षीकाम यांकडे पाहतो. पायाखालच्या फळीकडे फारसे कोणी पाहत नाही. त्याला कारणही आहे. लाकडी जमीन मागे उरत नाही. पुण्याच्या शनिवारवाड्याला १८२८ साली आग लागली, वरचे लाकडी मजले गेले आणि दगडी जोते, तट, दरवाजे तेवढे राहिले. नागपूरचा भोसल्यांचा वाडा १८६४ साली जळाला. त्याच्या लाकूडकामाची कीर्ती सांगणारे लेख आहेत, लाकूड नाही. जी आगीतून वाचली ती घरे पाडताना फळी घनफुटाच्या भावाने विकली जाते, रंधली जाते आणि कुणाच्या तरी दाराची चौकट होते. सागवानाला मोल आहे, म्हणूनच त्याचा इतिहास टिकत नाही.

आमच्या भागात सागाची वाण कधी नव्हती. पांढरकवडा, वणी, पुसद या बाजूंची जंगले सागाचीच. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. कापसाच्या पैशातून गावोगावी दुमजली घरे उभी राहिली. या माड्यांची जमीन दोन प्रकारची असे. एकीत तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर. तो थर खालच्या ओसरीसारखाच शेणाने सारवला जाई. दुसरीत फळी उघडीच. फारसीतून आलेला 'तक्तपोशी' हा शब्द जुन्या मराठीत अशा फळ्यांच्या कामासाठी वापरत. उघडी फळी ही ऐपतीची खूण होती, कारण तिला सरळ, गाठी नसलेले, गाभ्याचे लाकूड लागे. आमच्याकडे बैठकीच्या भागात उघडी फळी होती आणि धान्याच्या भागात मातीचा थर.

मातीच्या जमिनीची निगा घरच्या प्रत्येक बाईला ठाऊक होती. उघड्या फळीचे शास्त्र वेगळे होते. तिला पाणी नको, शेण नको. रोज शिंदीच्या मऊ फड्याने कोरडे झाडायचे, तेही फळीच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे केर सांध्यात बसत नाही. डाग पडला तर पिळून जवळजवळ कोरड्या केलेल्या फडक्याने तेवढीच जागा पुसायची आणि लगेच कोरडी करायची. दिवाळीच्या झाडझुडीत खालच्या भिंतींना पोतारा चाले तेव्हा माडीवर फक्त बारीक, चाळलेली राख कोरड्या फडक्याने फिरवली जाई. पावसाळ्यातला चिकट मळ तिने निघे. तेलाचा दिवस यावेळी नसे. तो होळीनंतर येई.

होळीनंतरच का, याचे उत्तर शेतात आहे. जवस हे रब्बीचे पीक. काळ्या जमिनीतल्या मुरलेल्या ओलीवर ते कोरडवाहू येते. सकाळी निळी फुले उमलतात आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळू लागतात. माघ-फाल्गुनात काढणी झाली की नवे जवस तेल्याच्या घाण्यावर जाई. तेल खायला आणि दिव्याला, ढेप बैलांना. मडक्याच्या तळाशी उरलेला थोडा भाग आजी माडीसाठी ठेवी. चैत्रात विदर्भाचे ऊन पेटले की ती ते तेल कोमट करी, जुन्या लुगड्याच्या बोळ्याने फळीवर पातळ फिरवी आणि घटकाभराने दुसऱ्या कोरड्या बोळ्याने सगळे पुसून घेई. आम्हा मुलांना वाटे, लावायचे आणि पुसायचे तर लावायचे कशाला? त्यानंतर चार दिवस माडीवर जायला बंदी असे. वापरलेले बोळे ती घरात ठेवत नसे. मोकळ्या अंगणात पसरून वाळवी आणि मग चुलीत घाली.

यातली प्रत्येक गोष्ट रसायनशास्त्राच्या कसोटीला उतरते. तेले दोन स्वभावांची असतात. शेंगदाण्याचे किंवा मोहाच्या टोळीचे तेल लाकडावर लावले तर ते तसेच राहते, चिकटते आणि धूळ धरते. जवसाचे तेल वाळते. वाळते म्हणजे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि त्यातून घट्ट, लवचीक पदार्थ तयार होतो. या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असते, त्याचा हा गुण. थर जाड राहिला तर वरची साय धरते आणि आतले कच्चे राहते, म्हणून पुसून घेणे. ऊन आणि कोरडी हवा असली तर वाळणे लवकर होते, म्हणून चैत्र. आणि वाळताना उष्णता निर्माण होते. तेलाचे बोळे चुरगळून एकत्र टाकले तर काडी न लावता पेट घेतात, म्हणून अंगण. आजीला प्राणवायू ठाऊक नव्हता. पण एखाद्या घरी कधीतरी बोळे पेटल्याशिवाय अशी रीत पडत नाही.

तेल फळीच्या आत मुरते, वर पापुद्रा धरत नाही. विदर्भात हे महत्त्वाचे आहे. मे महिन्यात इथली हवा इतकी कोरडी होते की फळ्या आक्रसून सांध्यांत फटी पडतात. श्रावणात त्याच फळ्या फुगून एकमेकींना भिडतात. पॉलिशचा कडक थर ही हालचाल सोसत नाही. तो सांध्याशी तडकतो, तडीतून पोछ्याचे पाणी आत जाते आणि वरच्या थरामुळे बाहेर पडू शकत नाही. माझ्या माडीचे नेमके हेच झाले. उन्हाळ्यातल्या फटी पाहून त्या लांबी भरून बुजवणे हीही अशीच चूक. पावसाळ्यात फुगायला जागा न मिळाल्याने फळी वर उचलते.

जवसाच्या तेलाची थोरवी गाताना एक मात्र सांगितले पाहिजे. उधईला ते रोखत नाही. सागाचा गाभा स्वतःच्या अंगच्या द्रव्यांमुळे उधईला पुष्कळसा दाद देत नाही, पण बाहेरचे पांढरे लाकूड खाल्ले जाते आणि भिंतीत गाडलेली कडीची टोके ओलीने कुजतात. त्यावर जुन्या सुतारांचा इलाज बिब्ब्याच्या तेलाचा होता. बिब्बा अंगावर उतला तर फोड येतात, म्हणून हे काम घरच्या बायकांचे नव्हे, मिस्त्रीचे. पुढे त्याची जागा डांबराने घेतली. जमिनीला जवस आणि टोकांना बिब्बा, अशी ही वाटणी होती. दोन्ही वस्तू पाच-दहा कोसांच्या आत मिळणाऱ्या.

इथे माझा शोध माडीवरून उतरून साता समुद्रांपलीकडे गेला. आजीच्या मडक्याच्या तळाचे हे तेल युरोपात घराघरांतल्या जमिनीवर पसरले होते. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन याने रंगाच्या डब्यात जवसाच्या तेलावर धरलेली साय पाहिली आणि तिच्यापासून जमिनीचे आच्छादन करण्याची युक्ती काढली. १८६३ साली त्याने पेटंट घेतले आणि १८६४ साली लंडनजवळच्या स्टेन्स येथे कारखाना सुरू झाला. वाळवलेले जवसाचे तेल, राळ आणि बुचाच्या झाडाचा भुसा एकत्र मळून तागाच्या जाड कापडावर थापायचे. जवसाचे लॅटिन नाव लिनम आणि तेलाचे ओलियम, यांवरून त्याने नाव ठेवले लिनोलियम. इस्पितळे, शाळा, स्वयंपाकघरे यांच्या जमिनी त्याने झाकल्या. त्याच काळात हिंदुस्थान जवसाचा मोठा निर्यातदार झाला. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा त्याच्या लागवडीचा एक मुख्य टापू. युरोपच्या बाजारात 'बॉम्बे' नावाची जवसाची प्रतच होती. बी गेले, ताग गेला, आणि त्यांच्यापासून झालेली जमीन पुढे मुंबईच्या कचेऱ्यांत विकायला परत आली. कापसाची ही कथा आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. जवसाचीही तीच आहे, ती कोणी सांगत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अर्जेंटिनाच्या जवसाने ही बाजारपेठ घेतली. इथले घाणे तेलगिरण्यांपुढे बसले. गेल्या तीस-चाळीस वर्षांत सोयाबीन पसरले आणि जवस शेताच्या एखाद्या पट्ट्यापुरते, चटणीपुरते उरले. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात त्याच्या वाणांवर संशोधन चालते आणि आता हृदयविकाराच्या धास्तीने शहरातले लोक ते पुन्हा खाऊ लागले आहेत. पण फळीपर्यंत ते पोचत नाही.

आपल्या माड्या वाळवीने आणि पावसाने गेल्या, असे आपण समजतो. माझे निरीक्षण वेगळे आहे. त्यांची निगा एका पिकावर, एका घाण्यावर आणि घरातल्या एका बाईच्या चैत्रातल्या दोन दिवसांवर उभी होती. पीक गेले, घाणा गेला, आणि त्या बाईला ती काय करते आहे हे कोणी विचारले नाही. मीही नाही. घरातला वाचणारा-लिहिणारा मीच होतो. आजीच्या गाण्या-उखाण्यांची वही मी केली. तिच्या तेलाच्या बोळ्याची नोंद केली नाही, कारण ते 'काम' होते, 'ज्ञान' नव्हते.

भावाच्या वाट्याच्या फळ्या आषाढाआधी गेल्या. जाण्यापूर्वी मी त्यांची लांबी, रुंदी, जाडी, खिळ्यांची जागा आणि कड्यांमधले अंतर मोजून वहीत उतरवले. पेटाऱ्याखालच्या फळ्या त्याने मला दिल्या. माझ्या अर्ध्या माडीवरचे पॉलिश आता पत्रीने खरवडून काढतो आहे. दिवसाला एक फळी निघते. शेजारच्या शेतकऱ्याने यंदा हरभऱ्याच्या कडेला जवस पेरायचे कबूल केले आहे. चैत्राला अजून पाच महिने आहेत. तोवर फडा आणि राख.