दांडी येईपर्यंत

आत्याच्या पर्समध्ये रेल्वेचा पास, रुमाल, सुपारीची डबी आणि ब्रिक गेम एवढं असायचंच. नव्वदच्या दशकात डोंबिवली स्टेशनच्या पुलावर फेरीवाल्यांकडे तो मिळायचा. राखाडी पडदा, उजवीकडे एक मोठं गोल बटण, पाठीमागे दोन पेन्सिल सेल आणि वर छापलेलं ‘९९९९ इन १’. लेडीज डब्यात चौथ्या सीटवर कशीबशी टेकून आत्या दादरपर्यंत तो खेळायची. मला तिनेच शिकवलं. तिचा पहिला धडा होता, “अरे, लगेच भरून टाकू नकोस. दांडी येईपर्यंत कडेची पट्टी मोकळी ठेव.”

त्या यंत्रावर ‘टेट्रिस’ हे नाव कुठेच नव्हतं. पुढे कॉम्प्युटरवर तोच खेळ भेटला तेव्हा नाव कळलं, आणि आणखी पुढे त्या नावातला आपला भाऊबंद कळला. ग्रीक ‘टेट्रा’ आणि संस्कृत ‘चतुर्’ हे एकाच आदिम शब्दाचे वंशज. म्हणजे आपले चार, चौकट, चौरंग हे त्याच घराण्यातले. नावाचं शेपूट आलं टेनिसवरून, कारण खेळ रचणाऱ्याला टेनिस आवडायचं.

खेळातला प्रत्येक तुकडा चार चौकोनांचा. चारच का, हे समजायला एक पिढी मागे जावं लागतं. १९५३ मध्ये हार्वर्डमधल्या सॉलोमन गोलॉम्ब या तरुणाने तिथल्या गणित मंडळात एक व्याख्यान दिलं. दोन चौकोन जोडले की डोमिनो होतो. मग तीन, चार, पाच जोडले तर? ‘डोमिनो’तल्या पहिल्या ‘ड’चा अर्थ दोन असा खेळकरपणे लावून त्याने पुढची नावं पाडली. चारांचा टेट्रोमिनो, पाचांचा पेंटोमिनो. (पेंटा म्हणजे आपला पंच, तोही घरचाच.) पाच चौकोनांचे वेगवेगळे आकार बारा होतात. ते साठ घरांच्या पेटीत नेमके बसवायचं कोडं जगभर गेलं, आणि मॉस्कोतल्या अलेक्सी पाजित्नोव्हच्या हातीही आलं.

पाजित्नोव्ह सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करायचा. १९८४ मध्ये त्याच्यासमोर ‘इलेक्ट्रोनिका ६०’ हे यंत्र होतं. त्यावर चित्र काढायची सोयच नव्हती, फक्त अक्षरं उमटायची. म्हणून त्याने कंसांच्या खुणा जोडून चौकोन केले. पाचांचे बारा तुकडे पळत्या खेळाला फार झाले, तेव्हा तो चारांवर आला. उलटवायची मुभा नसली, फक्त फिरवता आले, तर चारांचे आकार सातच होतात. सात माणसाच्या ध्यानात राहतात. दहा घरं रुंद, वीस घरं उंच अशी विहीर केली आणि तुकडे वरून सोडले.

पण विहीर काही क्षणांत भरून जाई आणि खेळ संपे. मग त्याच्या लक्षात आलं की पूर्ण भरलेल्या ओळीचा पुढे काहीच उपयोग नाही, ती नुसती जागा अडवते. त्याने ती पुसून टाकली. माझ्या मते हा खेळ जन्मला तो याच घडीला. लाकडी पेटीत कोडं सुटलं की हात थांबतो. इथे नीट जमलेलं काम नाहीसं होतं आणि समोर उरतात फक्त चुका.

खेळायची सगळी रीत या एका गोष्टीतून निघते. डाव्या-उजव्या बाणाने तुकडा सरकवायचा, वरच्याने फिरवायचा, खालच्याने घाईने उतरवायचा. आपण भरलेल्या ओळी बघत बसतो. बघायची असते ती माथ्याची रेषा. ती शक्य तितकी सपाट हवी. खाली झाकलेलं भोक राहिलं की वरच्या ओळी गेल्याशिवाय तिथे हात पोचत नाही. आणि कडेची पट्टी मोकळी ठेवायची, कारण चार ओळी एकदम उडवणारा तुकडा एकच, उभी दांडी. निंटेंडोच्या १९८९ च्या आवृत्तीत सुरुवातीला एका ओळीला ४० गुण होते आणि चार एकत्र गेल्या तर १२००. तीसपट! आत्याला हा हिशोब कुणी सांगितला नव्हता.

सातांमधले दोन नागमोडी तुकडे खरे त्रासदायक. हायडी बर्गील या गणितज्ञेने १९९७ मध्ये दाखवून दिलं, की हे दोनच आळीपाळीने येत राहिले तर कितीही निष्णात खेळाडू सत्तर हजार तुकड्यांच्या आत हरतोच.

मॉस्कोहून डोंबिवलीच्या पुलापर्यंतची वाट फ्लॉपीपासून सुरू झाली. दिमित्री पाव्लोव्स्की आणि सोळा वर्षांचा वादिम गेरासिमोव्ह यांच्या मदतीने खेळ आयबीएम पीसीवर आला, रंगीत झाला, हातोहात नकला होत पसरला. हक्क सोव्हिएत सरकारकडे होते. फेब्रुवारी १९८९ मध्ये व्हिडिओ गेमचा प्रकाशक हेंक रॉजर्स आगाऊ न कळवता मॉस्कोत सरकारी कचेरीत जाऊन धडकला आणि हातात मावणाऱ्या गेमबॉयसाठीचे हक्क मिळवून परतला. पाजित्नोव्हला स्वतःला मानधन मिळू लागलं ते १९९६ नंतर. बारा वर्षं जगभरची बोटं त्याच्या विहिरीत गुंतली होती आणि त्याच्या पदरी काही नव्हतं, याची मला आजही चुटपुट लागते. गेमबॉय आमच्या घराला परवडणारा नव्हता. चिनी कारखान्यांतून निघालेली बिननावाची नक्कल परवडली.

आत्या आता निवृत्त आहे, मोबाइलवर खेळते. नव्या आवृत्त्यांत सातही तुकडे एका पिशवीतून निघाल्यासारखे येतात, पिशवी संपली की नवी भरते. त्यामुळे दोन दांड्यांच्या मधे जास्तीत जास्त बाराच दुसरे तुकडे येतात. हे तिला सांगितलं. “म्हणजे येणार हे नक्की?” तिने विचारलं, चष्मा वर केला आणि उजवीकडची पट्टी मोकळी सोडून पुढचा तुकडा डावीकडे सरकवला.