घरच्या मिक्सिंगसाठी हेडफोन: पाच ते पंधरा हजारांत काय घ्यावं, काय सोडावं

बेळगाव, निपाणी, मडगाव असो की इंदूर, बडोदा. गाणं रेकॉर्ड करायला आता मोठ्या शहरातला स्टुडिओ गाठावाच लागतो असं राहिलेलं नाही. लॅपटॉप, दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस, एक माइक आणि दारं-खिडक्या बंद करून घेतलेली खोली एवढ्यावर भजनी मंडळाचे अभंग, गणेशोत्सवाची गाणी, लग्नाच्या व्हिडिओचं संगीत तयार होतंय. रेकॉर्डिंग बहुतेकांना जमतं. गाडी अडते ती मिक्सिंगला. खोलीत झकास वाटलेलं गाणं मंडपात लावलं की डग्गा नुसता घुमतो, शब्द आत जातात, झांजा कानात टोचतात. मग प्लगइन बदला, माइक बदला असं सुरू होतं. खरा दोष बऱ्याचदा ऐकण्याच्या साधनात असतो, आणि तिकडे शेवटी लक्ष जातं.

मिक्सिंगला स्पीकरच हवेत, हेडफोनवर काम होत नाही, असं जुने लोक सांगतात. चांगल्या, उपचार केलेल्या खोलीबद्दल ते बरोबरच आहे. आपल्या खोलीचं काय? दहा बाय दहाची खोली, सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब. समोरासमोरच्या भिंतींत दहा फूट अंतर असलं की साधारण ५६ हर्ट्झला आवाजाची लाट तिथल्या तिथे उभी राहते, आणि त्याच्या दुपटीला, म्हणजे ११२ हर्ट्झलाही. लांबी-रुंदी सारखीच, म्हणून दोन्ही दिशांनी तोच सूर फुगतो. छतही दहा फुटांवर असेल तर तिसरी भर. हा पट्टा डग्ग्याचा, पखवाजाच्या धुम्याचा आणि पुरुषाच्या तंबोऱ्यातल्या खर्जाचा. काळी एकमध्ये गाणाऱ्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते. अशा खोलीत खुर्ची दोन फूट मागे सरकवली की डग्गा गायब, पुढे आणली की ढोल. तीस हजारांचे मॉनिटर आणले तरी हे जात नाही. हेडफोनला मात्र खोलीच नसते, आणि पंधरा हजारांच्या आतल्या बजेटमध्ये हा फार मोठा फायदा आहे.

आता घरात असलेला हेडफोन का चालत नाही ते बघू. बाजारातले बहुतेक हेडफोन गाणं ऐकून मजा यावी म्हणून केलेले असतात आणि त्यांत खालचा आवाज मुद्दाम फुगवलेला असतो. त्यावर मिक्स करताना डग्गा जास्त वाटतो, म्हणून तुम्ही तो कमी करता. इतरांच्या स्पीकरवर मग ठेका पोकळ लागतो. उलटंही होतं: हेडफोनमध्ये वरचे स्वर जास्त असतील तर तुम्ही ते कापता आणि गाणं गोणपाटाखाली झाकल्यासारखं ऐकू येतं. हेडफोनची चूक मिक्समध्ये नेहमी उलटी उतरते. खरेदी करताना आणि नंतर वापरतानाही ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर अर्धं काम होतं.

ब्लूटूथचा विषय इथेच मिटवू. ब्लूटूथवर आवाज पोचायला साधारण १०० ते २०० मिलिसेकंद उशीर होतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. म्हणजे २०० मिलिसेकंदांचा उशीर जवळजवळ अर्ध्या मात्रेचा झाला. अशा हेडफोनवर सम ऐकून गायला गेलं तर गायक बेतालच होणार, त्यात त्याचा काही गुन्हा नाही. रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगला वायरचाच हेडफोन घ्यायचा. तयार झालेलं गाणं लोकांच्या कानाला कसं लागेल ते बघायला ब्लूटूथ वापरा, हरकत नाही.

बंद पाठीचा की उघड्या पाठीचा

क्लोज्ड-बॅक म्हणजे कानावरच्या वाट्या मागून बंद. आतला आवाज बाहेर जात नाही, बाहेरचा आत फारसा येत नाही. ओपन-बॅकमध्ये मागे जाळी असते. आवाज मोकळा वाटतो, कान लवकर थकत नाहीत, वाद्यांमधलं अंतर नीट कळतं. पण गायकाच्या डोक्यावर ओपन-बॅक ठेवलात तर ठेक्याचा ट्रॅक सरळ माइकमध्ये शिरतो. शेजारी टीव्ही, खाली रस्ता, बाहेर पावसाचा पत्र्यावरचा आवाज असला तरीही ओपन-बॅकचा उपयोग होत नाही.

ज्यांच्याकडे एकच हेडफोन असणार आहे आणि त्यावरच गाणं रेकॉर्डही करायचं आहे त्यांनी क्लोज्ड-बॅक घ्यावा. वाद कितीही घाला, एकाच हेडफोनच्या बजेटमध्ये दुसरा पर्याय निघत नाही. फक्त मिक्सिंग करणार असाल, रात्री शांत वेळी बसणार असाल, तर ओपन-बॅक अधिक बरा.

ओहमचा घोळ

दुकानदार ३२, ८०, २५० ओहम सांगतो आणि जास्त ओहम म्हणजे जास्त भारी असा समज करून दिला जातो. तसं काही नाही. तुमचं यंत्र तो हेडफोन पुरेसा वाजवू शकतं का, एवढाच त्याचा अर्थ. उदाहरण घ्या. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो २५० ओहमचा आहे आणि एका मिलिवॅटला ९६ डेसिबल देतो. यंत्रातून एक व्होल्ट मिळाला तर त्यात ४ मिलिवॅट जातात, म्हणजे १०२ डेसिबल. कमाल मर्यादा म्हणून आकडा मोठा वाटतो. पण मिक्स न झालेलं, अजून हळू आवाजातलं रेकॉर्डिंग ऐकताना ती मर्यादा पटकन गाठली जाते आणि व्हॉल्यूम पूर्ण फिरवूनही आवाज पुरेना अशी तक्रार येते. ३२ ओहमच्या हेडफोनला त्याच एका व्होल्टवर ३१ मिलिवॅट मिळतात.

तेव्हा मोबाइल किंवा लॅपटॉपच्या जॅकवर काम करणार असाल तर ८० ओहमच्या वर जाऊ नका. बऱ्यापैकी इंटरफेस असेल तर २५० ओहम चालून जातो. पण हेडफोन घेतला, आता त्याच्यासाठी अॅम्प्लिफायर हवा, असा दुहेरी खर्च या बजेटमध्ये मला पटत नाही.

कोणते मॉडेल बघायचे

किमती सणासुदीला वर-खाली होतात, म्हणून खालचे आकडे अंदाजाचे समजा.

पाच-सहा हजारांच्या आसपास ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स मिळतो. क्लोज्ड-बॅक, ४७ ओहम, मोबाइलवरही वाजतो. सुरुवातीला पुरेसा. वायर मात्र कायमची जोडलेली. ती तुटली की सोल्डरिंग करणारा शोधायचा. जवळपास त्याच पैशांत एकेजीचा के२४० स्टुडिओ येतो. तो अर्धउघड्या पाठीचा, ५५ ओहमचा, वायर काढता येणारा. गळा, हार्मोनियम, व्हायोलिन यांचा मधला पट्टा त्यावर फार स्वच्छ ऐकू येतो. नाट्यसंगीत, भावगीत, अभंग करणाऱ्यांनी तो जरूर कानाला लावून बघावा. त्याची उणीव एकच आणि ती मोठी: अगदी खालचा आवाज तो कमी देतो. नाशिक ढोल किंवा इलेक्ट्रॉनिक ठेक्याची गाणी यावर केलीत तर खालचा आवाज जास्त सोडला जाणार.

थोडं वर सोनीचा एमडीआर-७५०६ आहे. १९९१ सालचा हा हेडफोन अजून जगभरच्या रेकॉर्डिंग रूम आणि रेडिओ केंद्रांत दिसतो. ६३ ओहम, घडी होणारा, वजनाला हलका. आवाज वरच्या बाजूला धारदार. त्यामुळे माइकचा खरखराट, ‘स’ आणि ‘श’चा सिसकारा, कापाकापी केलेल्या जागेची टिकटिक लगेच पकडली जाते. सफाईच्या कामाला उत्तम. पण त्याच्यावरच विसंबून वरचे स्वर कापू नका. सेनहायझरचा एचडी २८० प्रो बाहेरचा आवाज छान अडवतो, म्हणून गायकाला द्यायला चांगला. डोक्यावर घट्ट बसतो, चष्मेवाल्यांना त्रास होतो.

ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स सगळीकडे दिसतो, यूट्यूबवाल्यांनी त्याला डोक्यावर घेतलंय. ऐकायला मजा येते, शंका नाही. मिक्सिंगसाठी मात्र त्याच घरातला, त्याहून स्वस्त एम४०एक्स मला जास्त सरळ वाटतो. ३५ ओहम, वायर बदलता येते. क्लोज्ड-बॅकमध्ये एकच घ्यायचा तर माझं मत यालाच.

बारा हजारांच्या पुढे डीटी ७७० प्रो आणि डीटी ९९० प्रो. पहिला बंद पाठीचा आणि ३२, ८०, २५० ओहममध्ये मिळणारा. आपल्याला ८० ओहमचा घ्यायचा. दुसरा उघड्या पाठीचा. दोन्ही दणकट, सुटे भाग मिळतात, मखमली गाद्या तासन्‌तास टोचत नाहीत. दोघांचाही ८ हजार हर्ट्झच्या आसपासचा पट्टा चढा आहे, डीटी ९९०चा जरा जास्तच. झांज, टाळ, चिपळ्या त्यावर वाजवीपेक्षा बोचतात. बजेट आणखी ताणता आलं तर सेनहायझरचा एचडी ५६०एस ओपन-बॅकमध्ये बराच सपाट आहे.

घेतल्यावर पुढे

हेडफोन बदलण्याआधी इक्वलायझरने तो सरळ करून बघा. विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट आहे, आणि ऑटोईक्यू या मोफत प्रकल्पात शेकडो हेडफोनच्या मोजमापावरून काढलेल्या दुरुस्त्या तयार मिळतात. एक सावधगिरी: ही दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या मास्टर ट्रॅकवर लावली असेल तर गाणं बाहेर काढण्याआधी ती बंद करायची. नाहीतर तुमच्या हेडफोनची दुरुस्ती सगळ्या गावाला ऐकावी लागेल.

नंतर, ज्या धाटणीचं गाणं करताय त्यातलं बाजारातलं एक चांगलं मिक्स झालेलं गाणं सोबत ठेवा. ते तुमच्यापेक्षा मोठ्याने वाजत असणार, आणि मोठं ते कानाला चांगलंच वाटतं. म्हणून आधी त्याचा आवाज तुमच्याइतका खाली आणा आणि मग तुलना करा. डग्गा गळ्याच्या मानाने किती, टाळ किती, एवढंच ऐकत बसा. ही सवय नवीन हेडफोनपेक्षा जास्त कामाला येते.

हेडफोनवर डावा आवाज फक्त डाव्या कानाला जातो. स्पीकरवर दोन्ही कानांना दोन्हीकडचं ऐकू येतं. त्यामुळे एका बाजूला पूर्ण लोटलेला टाळ हेडफोनवर विचित्र आणि स्पीकरवर ठीक वाटतो. क्रॉसफीड नावाचे फुकट प्लगइन हा फरक कमी करतात. पण मंडपातली यंत्रणा बऱ्याच ठिकाणी मोनोच असते, हे विसरू नका. शेवटी एकदा मोनोचं बटण दाबून ऐकायचंच. स्टिरिओत पसरवलेला कोरस तिथे कधीकधी चक्क नाहीसा होतो.

मोबाइलच्या स्पीकरवरही ऐका, कारण बहुतेक श्रोते तिथेच आहेत. त्यात २०० हर्ट्झच्या खालचं फारसं येतच नाही. डग्ग्याचा किंवा गोव्यातल्या घुमटाचा मूळ सूर तिथे मेलेला असतो. कान वरच्या उपस्वरांवरून त्याचा अंदाज बांधतो. म्हणून खालचा आवाज वाढवत बसण्यापेक्षा डग्ग्यावर हलकं सॅच्युरेशन द्या, उपस्वर वर येतात आणि मींड मोबाइलवरही कळते.

आवाज किती ठेवायचा, हा प्रश्न कानाच्या तब्येतीचाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८९ डेसिबलला उरतात आठवड्याला पाच तास, आणि उत्सवाच्या तोंडावर एवढं काम एका रात्रीत होतं. कानात शिट्टी वाजायला लागली की त्या दिवशी काम बंद. शिवाय मोठ्या आवाजात खालचे स्वर जास्त भासतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवलं होतं. वाद्यांचे आवाज जुळवायचे ते हळू आवाजात. मोठं करून दोन मिनिटं तपासायचं, पुन्हा खाली.

आपल्याकडच्या पावसाचं एक सांगायला हवं. खानापूर, सावंतवाडी, गोवा या पट्ट्यात कृत्रिम चामड्याच्या गाद्या लवकर सोलतात. सोनीच्या तर हमखास. सुट्या गाद्या मिळतात, पण मूळ मापाच्याच घ्या. जाड किंवा वेगळ्या कापडाच्या बसवल्या की आवाजच बदलतो, खालचा आवाज गळतो. पावसाळ्यात हेडफोन सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवावा.

आणि ७५०६ व एम५०एक्स यांच्या नकली प्रती बाजारात भरपूर आहेत. निम्म्या किमतीत नवा कोरा दिसला तर तो नकलीच समजा. अधिकृत विक्रेता, पक्कं बिल, भारतातली वॉरंटी, हे तिन्ही बघूनच पैसे द्या. परत करण्याची मुदत असेपर्यंत रोजचं ओळखीचं गाणं त्यावर लावून ऐका, आणि दोन्ही बाजूंचा आवाज सारखा येतोय ना, तेही मोनोत तपासा.